कळपाचा मालक

“मेंढीच्या कानातला बिल्ला कुणाच्या नावावर हाय ते बघ की आधी,” मल्हार म्हणाला.

“बिल्ला आत्ता आला. मेंढी मला आयनं दिलीया,” विजयमाला म्हणाली. “एवढं बिल्ल्याचं कवतिक आसंल तर तुझ्याच कानात घालून घे. म्हंजी तुलाबी कुणी इकून टाकंल.”

चहाचे कप घेऊन मायाक्का स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. थोरली बहीण आणि भाऊ सकाळच्या एसटीनं, एकाच सीटवर बसून, सांगोल्याहून सोलापूरला तिच्या घरी आले होते आणि उतरल्यापासून भांडत होते. मल्हारचे गुडघे गेले होते, पोरं पुण्यात नोकरीला. सगळा कळप त्यानं एका व्यापाऱ्याला विकायचा ठरवला होता. परवा टेम्पो येणार होता. त्याच कळपात विजयमालेची मेंढरं होती. नवरा गेल्यापासून तिचं घर त्यांच्यावरच चाललं होतं.

त्यांच्या घराण्यात मुलीला लग्नात माहेरच्या कळपातल्या दोन मेंढ्या देत. मेंढ्या सासरी जात नसत. भावाच्याच कळपात चरत, पण त्यांची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं बहिणीची. ओळखायला कानाला खाच पाडलेली असे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, तरी रानात कुणी विसरत नसे.

सरकारी संगणकात मात्र सगळी मेंढरं मल्हारची होती. कळप विकायला त्याचा एकट्याचा अंगठा पुरत होता. आणि ही नोंद अशी ठेवायची, हे मायाक्कानंच ठरवलं होतं.

मेंढपाळाच्या घरातली ती पहिली शिकलेली मुलगी. सोलापुरात वसतिगृहात राहून तिनं संगणकशास्त्राची पदवी घेतली, मग कॉलेजात नोकरी, नोकरी करता करता पीएच.डी. विषय डेटाबेसच्या रचनेचा: कुठली माहिती कुठल्या तक्त्यात ठेवायची, कशाला कशाशी जोडायचं. बरोबरीच्यांनी बँका आणि दवाखाने निवडले. तिनं चालती जनावरं घेतली. गाव बदलतं, लस टोचणारा डॉक्टर बदलतो, तरी नोंद तुटता कामा नये. तेव्हा गाइड हसले होते. पुढं तिच्या शोधनिबंधांचे दाखले परदेशातली माणसं देऊ लागली, आणि जिल्ह्यात मेंढरांच्या कानात पिवळे बिल्ले आले ते तिच्या आराखड्यावर. आता तो राज्यभर लागू व्हायचा होता. सोमवारी मुंबईत समितीपुढं शेवटचं सादरीकरण होतं.

एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची नाही, हा वर्गात ती शिकवायची तो पहिला धडा. एका जागी बदल होतो, दुसरीकडं राहून जातो आणि नोंदीत खोटं शिरतं. म्हणून तिनं मालकाचं नाव प्रत्येक मेंढीपुढं न लिहिता कळपापुढं एकदाच लिहिलं. मेंढी कळपाची, कळप मालकाचा. तक्ते सुबक झाले. परीक्षकांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं. आणि आक्काच्या, म्हणजे विजयमालेच्या, लग्नात आई मेंढीच्या कानाला खाच पाडत होती, तेव्हा मेंढीचं तोंड घट्ट धरून बसलेली पोर मायाक्काच होती.

“माये, तू शिकलेली. तूच सांग,” मल्हार म्हणाला. “संगणकात काय हाय?”

“तुझं नाव आहे, दादा.”

“झालं की मग.”

“माझ्याबी दोन होत्या तुझ्या कळपात. लग्नातल्या,” मायाक्का म्हणाली.

“तू कवा इचारलंस?”

“ती कशाला इचारंल?” विजयमाला म्हणाली. “तिला पगार हाय. तिला इसरून चालतंय.”

मायाक्कानं कप तसेच परत आत नेले. तिचा नवरा सोमेश मागोमाग आला. तो बँकेत होता, जपून बोलणारा.

“सोमवार होऊ दे. दुरुस्ती मग सुचव.”

“दुरुस्ती नाही ही. पायाच चुकलाय.”

“असं म्हणालीस तर ते दुसऱ्या कुणाचा आराखडा घेतील. पंधरा वर्षं घातलीस तू यात, माया. आणि अशा बहिणी राज्यात असतील तरी किती?”

“सोमवारनंतर एकही नसेल. नोंदीत.”

तिनं चहा पुन्हा गरम केला. वर साय धरली होती, ती चमच्यानं काढून टाकली. बाहेर मल्हार दोन्ही हातांनी गुडघे चोळत होता. तिनं आधी आक्काच्या हातात कप दिला, मग दादाच्या, आणि उभ्या उभ्याच सांगितलं,

“दादा, व्यापाऱ्याला फोन कर, परवा येऊ नको म्हणावं. उद्या मी तुमच्यासंगं येतेय. कानाच्या खाचा बघून आक्काची मेंढरं वेगळी काढायची. उरतील ती तुझी, ती तू विक. सोमवारी मी मुंबईला जाणार नाही. आराखडा मागं घेतेय, आजच कळवते.”