पेल्यातली थरथर

टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यात पाणी थरथरतं आहे. कोणी टेबलाला धक्का दिलेला नाही, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेलेला नाही, वारा तर चैत्रातल्या या दुपारी कडेगावात औषधालाही नाही. तरीही पाण्याच्या पृष्ठभागावर वर्तुळामागून वर्तुळ उमटतं, काठाशी जातं, विरून जातं, आणि सबंध खोलीत एक अखंड, एकसुरी गुंजारव भरून राहतो. भुंग्याचा म्हणावा, तर भुंगा कधीतरी फुलावर बसतो. हा बसत नाही. तो माझ्या संगणकाच्या पोटातल्या हार्ड डिस्कचा आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा घूंघूंचं काय घेऊन बसलात? खरं आहे. ऊसतोडीचा हंगाम असतो तोवर ती मलाही ऐकू येत नाही. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी वाजवत दारावरून जातात, कारखान्याचा भोंगा दिवसाचे तुकडे पाडतो. पण हंगाम संपला, तोडकरी आपापल्या मुलखाला गेले, की गावावर एक विलक्षण निःशब्दता उतरते. त्यात घरात मी एकटा. माझी पत्नी सुमन हिला जाऊन दोन वर्षं झाली. जेवणाचा डबा बाहेरून येतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा तेव्हापासून मुका आहे. अडतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, म्हणजे खरं तर अडतीस वर्षं ‘शांत बसा’ असं ओरडलो. शांततेची एवढी याचना करणाऱ्याला ती अखेर मिळाली, आणि किती मिळाली! देणाऱ्याने हात जराही आखडता घेतला नाही. आता ती पुरवून पुरवून वापरावी म्हटलं तरी संपत नाही.

मग उरलेला हा एवढासा आवाज तरी राहू द्यावा की नाही? नाही, कारण त्याच्या पलीकडे सुमन आहे. शाळा बंद होत्या, मुलं घरोघरी कोंडलेली होती, त्या दिवसांत मी याच टेबलाशी बसून धडे ध्वनिमुद्रित करत असे. शरदाच्या चांदण्याच्या वर्णनात मी रंगात यावं, आणि नेमकी त्याच क्षणी स्वयंपाकघरातून हाक यावी, ‘आवं, भाकरी निवायला लागली की!’ झालं, धडा बिघडला. मी चिडायचो, पुन्हा पहिल्यापासून वाचायचो, आणि बिघडलेलं मुद्रण शिक्षकी शिस्तीने एका वेगळ्या फोल्डरात टाकायचो. त्या फोल्डरला मी नाव दिलं होतं ‘खराब’. चांगले धडे मुलांनी ऐकले, पुसले, विसरले. माझ्याजवळ उरलं ते खराब. समोर फोन धरला की सुमन पदर तोंडाला लावून हसायची आणि गप्प व्हायची. त्यामुळे तिचा आवाज या जगात दुसरीकडे कुठेही नाही.

एकवीस मुद्रणं आहेत. वीस मला पाठ आहेत, त्यांतल्या भांड्यांच्या आवाजासकट. एकविसाव्यात मात्र ती सलग काहीतरी बोलते, दाराशी उभी राहून, बराच वेळ; आणि मला ते कळत नाही. मुद्रणात मुळातच डिस्कची घरघर उतरलेली, वर आजची घरघर तिला मिळालेली. उजव्या कानात मी श्रवणयंत्र घालतो. ते मोठं समदर्शी आहे: माणसाचा शब्द आणि पत्र्याची घरघर त्याला सारखीच प्रिय. त्यावर हेडफोन चढवला तर ते शिट्टी मारतं. जी बाई जन्मभर मोजकंच बोलली, तिचं एक लांबलचक वाक्य माझ्या हाताशी असावं आणि मला ऐकू येऊ नये, याला काय म्हणावं? कालची घरघर पुसणं माझ्या हाती नव्हतं. आजची थांबवता येईल असं वाटलं, म्हणून मी तिच्या मागे लागलो.

शेजारच्या हणमंत हवालदारांनी निदान केलं. सैन्यात ट्रक दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. संगणकाच्या पेटीवर हात ठेवून ते म्हणाले, ‘गुरुजी, वाजतंय म्हंजी सैल हाय. आवळा!’ आमच्या मुलखाचा हा स्थायीभावच आहे. ट्रॉलीचा हूक असो, बाजेचा पाय असो की चारचौघांचा संसार, वाजू लागला की आवळायचा. आम्ही दोघांनी मिळून डिस्कचे चारही स्क्रू असे पिळले की डोळ्यांत पाणी आलं. यंत्र सुरू केलं, तर सगळा पत्र्याचा डबा हलगीसारखा घुमू लागला आणि पेल्यातलं पाणी काठावर उडू लागलं. ‘आयला, लय जोरात व्हायला लागलं की वो,’ असं म्हणून हवालदार घाईघाईने चपला शोधू लागले.

शेवटी सांगलीला गेलो. तिथल्या दुकानदाराने मला पोटच्या पोराला समजवावं तसं समजावलं, वयाने मी त्याच्या वडिलांसारखा असूनही. आतल्या तबकड्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात. त्या फिरण्याचा किंचित तोल जातो, कंप सुटतो. तो कंप स्वतः फार बोलत नाही, पण स्क्रूंवाटे पत्र्यात शिरतो आणि पत्रा त्याचा डांगोरा पिटतो. ‘नवीन घ्या सर, तिच्यात फिरणारं कायच नसतंय. ही टाका भंगारात.’ सगळ्या मुद्रणांची एक प्रत मी त्याच्याकडून करून घेतली आणि ती कपाटात ठेवली. डिस्क मात्र परत आणली. सुमन बोलत होती तेव्हा हीच फिरत होती. हिला भंगारात कशी टाकू? माझं तोंड पाहून तो म्हणाला, ‘मग टांगा की तिला. स्क्रू काढायचे, आणि इलॅस्टिकवर अधांतरी ठेवायची. पत्र्याला शिवली नाय पायजे.’

इलॅस्टिक सुमनच्या शिवणाच्या डब्यात मिळालं. संगणक बंद करून, वायरी सोडवून, मी पेटीच्या रिकाम्या कप्प्यात ते आडवं-उभं ताणलं आणि त्यात डिस्क अलगद ठेवली. सुमनचं माहेर माणदेशातलं, दहिवडीच्या पलीकडचं, घरात मेंढरं. मेंढरांमागे रानोमाळ हिंडताना बाभळीच्या फांदीला झोळी बांधून त्यात पोर कसं निजवतात, हे ती मला सांगायची. खाली कळप उधळला तरी झोळीतल्या पोराची झोप मोडत नाही, म्हणे. ते ऐकताना मी बहुधा वह्या तपासत असेन. आता साठी उलटल्यावर, एक लोखंडी पोर झोळीत घालताना, मला ते सगळं पुन्हा आठवलं. आवळल्याने वाढलेला आवाज सोडल्याने निवतो, एवढं साधं शहाणपण मला एका दुकानदाराकडून शिकावं लागलं! वेळ, वाक्य, जेवण, बोलणं, घरातली प्रत्येक गोष्ट मी जन्मभर आवळतच आलो. त्याने तिच्या आत किती वाजत राहिलं असेल, ते तिने कधी सांगितलं नाही.

यंत्र सुरू केलं. घरघर जवळजवळ गेली. पेल्यात अगदी केसाएवढी थरथर उरली. खिडकी लावली, पंखा बंद केला, आणि एकविसावं मुद्रण लावलं. माझा धडा, चांदणं, विशेषणांची रेलचेल. मग तिचा आवाज. पहिल्यांदा अर्धं उमगलं, तिसऱ्यांदा पूर्ण.

‘आवं, कवाचं घुंघुं करतंय त्ये. मिक्सरखाली हाय न्हवं घोंगडीचा तुकडा, तसा त्येच्याखाली घाला की. आणून दिऊ का?’

आणि लगेच, स्पष्ट, खणखणीत, माझा आवाज: ‘सुमन, शांत बस जरा. रेकॉर्डिंग चाललंय.’

त्यानंतर दूर जाणारी पावलं. पायातली जोडवी फरशीवर वाजतात. मग मी पुन्हा चांदण्याकडे वळतो.

मी रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मला वाटलं होतं, एवढं लांब बोलली म्हणजे काहीतरी मनातलं असेल, काही राहून गेलेलं असेल. तर ती मला उपाय सांगत होती, आणून द्यायलाही तयार होती. एवढी यातायात करून मी जो शोधला, तो स्वयंपाकघरात दहा पावलांवर होता, आणि सांगणारीही होती.

उठलो. स्वयंपाकघरात जाऊन दोन वर्षं न हललेला मिक्सर उचलला. खाली काळ्या घोंगडीचा तो चौकोनी तुकडा होता. सुमनच्या भावाने घरच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी आणली होती. ती विरली तेव्हा सुमनने तिचे तुकडे केले. तिच्या माहेरी जात्याखाली असा तुकडा घालत, पहाटेच्या दळणाने पोरं उठू नयेत म्हणून. हा मिक्सरखाली आला, माझी दुपारची झोप मोडू नये म्हणून. त्याला अजून लसणाच्या चटणीचा वास आहे. त्याची दुहेरी घडी करून मी संगणकाच्या पेटीखाली सारली.

पेल्यातलं पाणी आता स्थिर आहे. त्यात खिडकीचे गज दिसतात, आणि वाकून पाहिलं तर मीही. फोल्डरचं नाव बदलावं असं क्षणभर वाटलं, पण बदललं नाही. ते ठेवणाऱ्याची ओळख त्यात आहे. घर इतकं शांत झालं आहे, की स्वयंपाकघरातून कोणी हाक मारली, तर आता ती मला पहिल्याच हाकेला ऐकू येईल.