पोत्याचा खालचा कोपरा

“आधी ओलावा बघू, मग बोलू.”

गोदीत धान्य तपासणाऱ्या मास्तरांचं हे वाक्य हमालांनासुद्धा पाठ होतं. मुलीला स्थळ आलं तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. केस पिकले तरी त्यांचं काम एकच. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, आलेले दाणे तळहातावर घ्यायचे, एखादा दाताखाली फोडायचा. पुढे ओलावा मोजायचं यंत्र आलं, पण दाताची सवय काही सुटली नाही.

त्या वर्षी पाऊस परतायचं नाव घेईना. ऐन कापणीत शेतं पाण्यात उभी राहिली. देशातच धान्य कमी पडणार, तेव्हा बाहेर पाठवणं बंद होणार, अशी कुजबुज गोदीत सुरू झाली. धक्क्याला लागलेलं जहाज बहुधा शेवटचं. बाहेरचा भाव चढा, म्हणून फाटकापाशी ट्रकांची ही रांग लागली. तीत मास्तरांचा धाकटा भाऊ होता, साऱ्या गावाचा माल घेऊन.

धाकट्याला ठाऊक होतं, माल ओला होता. पण दादाची सळई नेहमी पोत्याच्या खालच्या कोपऱ्यात जाते, कारण ओल आधी तिथं उतरते. जेवता जेवता दादानंच हे कितीदा सांगितलं होतं. म्हणून प्रत्येक पोत्याच्या त्या कोपऱ्यात त्यानं गेल्या वर्षीचं, कणगीतलं कोरडं धान्य भरलं होतं.

“आलास? आई कशी आहे?”

“बरी आहे. तुझी वाट बघते.”

सळई आत गेली. दाणा दाताखाली कडकन फुटला. शेजारचा हमाल हसला, “मास्तर, तुमच्या भावाच्या शेतावर तेवढं ऊन पडत होतं वाटतं!”

मास्तर हसले नाहीत. दाणा चघळत त्यांनी भावाकडे पाहिलं.

“सगळीकडे चिखल, आणि हा दाणा भाजल्यासारखा?”

या खेपेला त्यांनी सळई पोत्याच्या मधोमध घातली. दाणे तळहाताला चिकटले.

धाकट्यानं मान खाली घातली. “दादा, तुझ्या एका सहीनं गाव तरेल.”

“बोटीच्या पोटात हे दडपून राहणार. तापेल, कुजेल, शेजारचं चांगलं धान्यही नासवेल. कुणाच्या तरी ताटात जायचंय ते.”

“आणि आमच्या ताटात काय?”

मास्तरांनी खिशातला खडू काढून पोत्यावर फुली मारली.

“घरी ने. पसरून वाळव. इथल्या बाजारात तरी खपेल.”

“पडेल भावात.”

“हो. पडेल भावात.”

त्यांनी सळई धोतराच्या सोग्याला पुसली, खांद्यावर टाकली आणि ते पुढच्या ट्रककडे निघाले. ड्रायव्हरनं विचारलं, “गाडी वळवू का?” धाकट्यानं ऐकलं नाही. रांगेच्या कडेनं चाललेल्या त्या पाठीकडे तो बघत होता, दोन ट्रकांच्या मध्ये ती दिसेनाशी होईपर्यंत.