श्वास सोडून दिलेलं माप

तीनदा सांगितलं. सरांना सांगितलं, डिझायनर रियाला सांगितलं, मशीनवरच्या तबस्सुमला तर डबा खाताना रोज सांगितलं. कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही! आता ज्याला त्याला तोच किस्सा माझ्या तोंडून ऐकायचा असतो. आमच्या युनिटमध्ये किस्से चिंध्यांसारखे साचतात. कटिंग टेबलाखाली ढीग होतो, पण झाडायला कुणी वाकत नाही. मग मीच वाकते.

आमचं युनिट नाशिकच्या अंबडला. साडीवरचे रेडिमेड ब्लाउज शिवतो. पैठणीवरचे जास्त, येवल्याच्या दुकानांत जातात. मी चौथी शिकलेली, पण अंगाने बरोब्बर छत्तीस. म्हणून अकरा वर्षं माझं काम एकच. नवा नमुना शिवून झाला की अंगावर घालायचा, उठायचं, बसायचं, हात वर करायचा आणि कुठे रुततंय ते सांगायचं. मी 'हं' म्हटलं की माल कापायला जायचा.

मग सरांनी सॉफ्टवेअर आणलं. म्हणाले, "मावशी, आता ब्लाउज आधी कॉम्प्युटरमध्ये शिवायचा. पडद्यावरच फिटिंग बघायची. एक सीझन बघू. जमलं तर ट्रायल बंद."

ट्रायल बंद म्हणजे मी बंद. एवढं चौथीवालीलाही कळतं.

*

पडद्यावर बाई हवी. ती कोण? मीच!

रियाने मला ट्रायल रूममध्ये उभं केलं. रिया पुण्याहून फॅशनचं शिकून आलेली, तेवीस वर्षांची, केस एका बाजूने निळे. अंगाला चिकटणारे काळे कपडे मला घालायला लावले आणि मोबाइल घेऊन माझ्याभोवती फिरायला लागली.

"मावशी, रिलॅक्स. श्वास सोडा पूर्ण. हां, आता अजिबात हलू नका."

मी सोडला. तिची फेरी संपेपर्यंत परत घेतलाच नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले!

दुसऱ्या दिवशी पडद्यावर मी. राखाडी रंगाची, केस नाहीत, तोंड पुसल्यासारखं. तबस्सुम बघून म्हणाली, "ताई, टकलात तुम्ही जास्त शांत दिसता!"

*

त्या बाईने पहिल्याच दिवशी चाळीस ब्लाउज घातले. चाळीस! मी दिवसाला सहा घालायची.

सर खूश. "बघा मावशी, हिला चहासुद्धा लागत नाही."

मी म्हटलं, "घामही येत नसेल. तो आला की मला हाक मारा."

सगळे हसले. पण त्यानंतर ट्रायल रूममधून हाक आली नाही. मला धागे कापायला बसवलं.

आधी कसं असायचं, मी मधे उभी आणि दोन-तीन पोरी टाचण्या घेऊन भोवती. एक पाठ धरतेय, एक बाहीचा मुंढा ओढतेय. "मावशी, हलू नका ना!" म्हणून ओरडायच्या. घरी मी एकटी. नवरा गेला, मुलगा दुबईला. दिवसभरात माणसाचा हात लागायचा तो तेवढाच. टाचणी टोचली तर मी शिव्या घालायची. आता कुणी टोचत नाही. शिव्या तशाच शिल्लक.

*

रियाने एकदा मला रंग दाखवले. कापड ताणलं गेलं तर पडद्यावर लाल दिसतं, सैल असेल तर हिरवं.

"सगळं हिरवं आहे मावशी. परफेक्ट फिट!"

"तिला हात वर करायला सांग. साडी वाळत घालते असं."

रियाने काहीतरी दाबलं. बाईने हात वर केला आणि बाही सरळ खांद्यात घुसली! कापड आत, मांस बाहेर.

"ते सॉफ्टवेअरचं असतं. इग्नोर करा."

"माझा दंड असा कापडातून आरपार गेला असता, तर इग्नोर केलं असतंस का गं?"

पोरगी हसली. मग म्हणाली, "तुम्ही फार निगेटिव्ह बोलता."

*

त्या मापाचा पहिला ब्लाउज शिवून आला, तेव्हा दुपारी दार लावून मी तो घातला. कुणी सांगितलं नव्हतं. उभी होते तोवर ठीक. श्वास घेतला आणि खालचा पट्टा बरगडीवर करकचला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माप घेताना टेपच्या आत दोन बोटं ठेवायची असतात, म्हणजे बाईला श्वासाला जागा राहते. मोबाइलला बोटं कुठून असणार? त्यात मी श्वास सोडून उभी!

तशीच गेले सरांकडे. "सर, मापात चूक आहे. मी श्वास सोडला होता. दीड इंच कमी भरलंय."

सर म्हणाले, "मशीनचं रीडिंग आहे मावशी. तुमचंच वजन वाढलं असेल."

संध्याकाळी नाशिक रोडला उतरले. घराजवळच्या मेडिकलबाहेर वजनाचा काटा आहे, त्यावर उभी राहिले. दिवाळीत होतं तेवढंच वजन! चिठ्ठी निघाली ती सकाळी सरांच्या टेबलावर ठेवली.

सरांनी वाचली आणि म्हणाले, "तो काटा जुना असेल."

म्हणजे मशीन खोटं बोलतं, पण फक्त माझ्या बाजूचं!

*

जेवणाच्या सुट्टीत एकदा रिया पडदा चालू ठेवून गेली होती. ती बाई गोल गोल फिरत होती. अंगात मोरपंखी ब्लाउज. मी जवळ गेले. माझीच पाठ, माझाच जरा खाली असलेला डावा खांदा.

म्हटलं, "बाई, श्वास घे गं एकदा."

मागून तबस्सुम आली. "कुणाशी बोलताय?"

"आहे एक ओळखीची."

तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

*

लग्नसराईत येवल्याचे शेठ स्वतः गठ्ठे घेऊन आले. सरांच्या टेबलावरच उलटे केले.

"उभ्या बायकांचं काही म्हणणं नाही हो! बसल्या, श्वास घेतला की हुक उडतात! आमच्याकडची एक नवरी अंतरपाटामागे मंगलाष्टकं संपेपर्यंत श्वास धरून उभी होती. भटजींना वाटलं, पोरगी रडतेय!"

सगळा माल परत. सरांनी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, आमचं सॉफ्टवेअर बरोबर आहे, तुम्ही दिलेलं शरीरच चुकलेलं असेल. काय चुकलं आणि कुणामुळे, ते लेखी पाठवा.

सर्वांना केबिनमध्ये बोलावलं. सर मला म्हणाले, "मावशी, तुम्ही ते श्वासाचं काय सांगत होतात?"

चौथ्यांदा सांगितलं. या वेळी सगळ्यांनी ऐकलं. सरांनी मान हलवली. "बरोबर. तेच झालंय."

काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग सर म्हणाले, "पण श्वास सोडायला सांगितलं कुणी?"

रिया टाइप करत होती. तिची बोटं थांबली. निळ्या केसांखाली कान लालभडक. तबस्सुमने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, सांग की!

मी म्हटलं, "कुणी नाही. मशीनसमोर मीच घाबरले."

आयुष्यात कुणाला घाबरले नाही मी.

"लिही रिया," सर म्हणाले, "मॉडेलच्या चुकीमुळे. पुढे नाव टाक."

रियाने दोन शब्द टाइप केले आणि परत थांबली. सरांकडे पाहिलं. सरांनी तबस्सुमकडे पाहिलं. तबस्सुमने खाली पाहिलं. अकरा वर्षं!

"मावशी," रिया हळूच म्हणाली, "तुमचं नाव?"

तिला नीट लिहिता यावं म्हणून मी सावकाश सांगितलं.

"मंगल रामदास आहेर."