चित्रकलेच्या वर्गातली भिंत

सई, ईशान, तुम्ही फोनवर नेहमी विचारता, "आजी, तू शाळेत काय करायचीस?" मी सांगते, इंग्रजी शिकवायचे, आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. एक गोष्ट मात्र सांगितलेली नाही. मागच्या महिन्यात आमचे चित्रकलेचे सर वारले. त्यांचं सगळ्यात मोठं चित्र माझ्यामुळे गेलं. ते कसं गेलं हे सांगू शकेल असं आता दुसरं कोणी नाही, म्हणून लिहिते आहे.

सर बोलता बोलता बोट वर करायचे आणि डोळे मिटायचे. "गप. आयका." समोर पोर असो की संस्थेचे अध्यक्ष.

शाळा नारपोलीत. चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना. मी व्याकरण ओरडून शिकवायचे. आम्हाला तो सगळा मिळून एकच खडखडाट वाटायचा. सरांना त्यातला प्रत्येक माग वेगळा ऐकू यायचा. चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबायचे. "कोपऱ्यातला बंद पडला. धोटा अडकला असंल." थोड्याच वेळात पलीकडून माग दुरुस्त करणाऱ्याच्या नावाने आरोळी यायची, "अरे जॉबर, कहाँ मर गया?"

"सर, तिकडंच नोकरी धरा," गणिताचे सर म्हणायचे.

"धरली असती. पन तिकडं आयकायला येळ देत न्हाईत."

त्यांच्या तासाला मुलं आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसत. मग जे ऐकलं ते कागदावर काढायचं. एकाने टेम्पो काढला. सर म्हणाले, "टेम्पो नको रे. त्याचा आवाज काढ."

"सर, आवाज दिसतो का?"

"तुला टेम्पो तरी कुठं दिसला? डोले मिटले व्हतेस ना?"

शुक्रवारी माग बंद असत. अशाच एका शुक्रवारी एका मुलीने कोरा कागद दिला आणि सरांनी तिला दहापैकी दहा दिले. गुणपत्रक माझ्याकडे आलं. मी त्यांना बोलावून घेतलं.

"सर, कोऱ्या कागदाला गुण देता येत नाहीत."

"बाई, सगल्या वर्गात तिनंच आयकलं."

"उद्या कोणी विचारलं तर दाखवायचं काय?"

"मंग कोपऱ्यात तिला नाव लिवायला सांगतो. कोरा ऱ्हानार न्हाय." नाव लिहून कागद परत आला. मी सही केली.

शाळा सुटल्यावर ते वर्गात एकटेच थांबायचे. खिडकीशी डोळे मिटून उभे राहायचे आणि मग मागच्या भिंतीवर, लोखंडी कपाटाच्या आजूबाजूला, पेन्सिलीने एखादी रेघ ओढायचे. अगदी फिकट. कधी सरळ, कधी थरथरती, कधी मध्येच तुटलेली. कित्येक वर्षं हे चाललं. दारातून पाहिलं तर मुलांनी मळके हात पुसल्यासारखी दिसायची ती भिंत. मी एकदा विचारलं, "हे पूर्ण कधी होणार?"

"मीच सांगेन की बाई," ते म्हणाले.

एका वर्षी दिवाळीनंतर शाळेची तपासणी ठरली. सुट्टीत सगळी शाळा रंगवून घ्यायची होती. मी नोटीस काढली: वर्गातील भिंतींवरचे तक्ते व कागद काढून घ्यावेत. सरांनी वाचून सही केली. स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने सगळे तक्ते उतरवले. मागच्या भिंतीवर तक्ता नव्हता, कागदही नव्हता. तिला रंग लागेल असं त्यांच्या मनात आलं नाही. ती ठेवायची आहे, असं माझ्या मनात आलं नाही. रंगाऱ्याला वर्गांची यादी मीच लिहून दिली होती.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मी वर्ग बघत फिरत होते. सर त्या भिंतीसमोर उभे होते. मला बघून म्हणाले, "सफेदी चांगली झालीय, बाई."

मी म्हटलं, "हो ना? दोन हात दिलेत."

मी पुढच्या वर्गात गेले.

पुढे पुढे ते "आं?" करायला लागले. मुलं हसायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. बोट वर करणं कधी थांबलं, ते माझ्या लक्षात नाही. ते निवृत्त झाले, मग मी झाले. खिडकीपलीकडचे माग भंगारात गेले. तिथे आता गाड्या लावतात.

ते गेल्याचं कळल्यावर पूर्णा गावात त्यांच्या घरी गेले. घराच्या तिन्ही बाजूंना गोदामं आहेत. त्यांच्या बायकोने खुर्ची दिली.

"कान तवाच चालले व्हते त्यांचे," त्या म्हणाल्या. "डागदरनं सांगितला व्हता, हलूहलू सगला जानार. म्हनून रोजचा आवाज शालेत भित्तीवर मांडून ठेवायचे. मना बोलायचे, पुढं आयकाया नाय आला तरी बघता येल."

त्या चहा ठेवायला उठल्या.

"मंग शालेनं रंग दिला. तवा तुमीच व्हतात ना मोठ्या बाई?"

"होते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "चायला साखर चालते ना?"

"चालते."

चहा प्यायले. घरी आले. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. रोजची कामं होतात. झोपही लागते.

मागच्या सोमवारी शाळेत गेले. तो वर्ग आता संगणकाचा आहे. शिपायाला म्हटलं, मागच्या भिंतीचं लोखंडी कपाट जरा सरकवायचं आहे. तो म्हणाला, "मोठ्या बाई, कोनी हलवलंच न्हाय ते कधी." दोघांनी मिळून ढकललं. रंगाऱ्यानेही ते हलवलं नव्हतं. मागे जुना पिवळा रंग तसाच होता, कपाटाएवढा. डाव्या कडेला, कपाटामागे हात घातला तर पोहोचेल तेवढ्या जागेत, पेन्सिलीच्या नऊ रेघा आहेत. सात लांब, दोन तुटक. कोणती रेघ कोणत्या आवाजाची, ते आता कळायला मार्ग नाही. रेघा आहेत.