हाताचा पुरावा

पेटंट हा शब्द मराठीत फार सुखानं नांदतो. अमक्याचं पेटंट वाक्य, तमक्या काकूंची पेटंट भाजी. त्यामुळे मी पोटापाण्यासाठी नेमकं काय करते हे लातुरात अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. सरकारदरबारी मी पेटंट एजंट आहे. पण एजंट म्हटलं की लोकांना आरटीओच्या फाटकाबाहेरचा माणूस आठवतो, म्हणून पाटीवर 'पेटंट सल्लागार' लिहिलं. तरी लोक 'वकीलबाई'च म्हणतात. एकदा माहूरचे एक गृहस्थ देवीच्या तांबुलाचं पेटंट काढायला आले. मी म्हटलं, काका, पिढ्यान्‌पिढ्या सगळा गाव कुटतोय तो तांबूल, तुमच्या एकट्याचा कसा होईल? ते म्हणाले, "म्हणून तर लवकर आलो. दुसऱ्यानं न्यायच्या आत करून टाका." त्यांना मी हसून वाटेला लावलं खरं, पण धंद्याचं मर्म त्यांना बरोबर कळलं होतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस भिऊनच येतो.

आणि मी त्यांच्याहून भित्री आहे. नांदेडला मेकॅनिकल शिकले, पुण्यात एका पेटंटच्या फर्ममध्ये बरीच वर्षं काढली, परीक्षा दिली, आणि वडिलांचं आजारपण आलं तेव्हा लातूरला परतले. पुण्यातल्या माझ्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अर्ज लिहिताना आपल्या वाइटावर टपलेला माणूस समोर बसलाय असं समजायचं. तुम्ही 'स्क्रू' लिहिलं की तो खिळा मारून मोकळा होतो. तुम्ही 'वर' लिहिलं की तो तोच भाग खाली बसवतो. शब्दागणिक वाईट काय होईल याचा विचार करत बसायचं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं लोक सुस्कारा टाकून म्हणतात. मी त्याच्यावर घर चालवते. ही सवय ऑफिसात ठेवून येता येत नाही. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर निघते. घरचे चेष्टा करतात, करू देत.

आठवड्यातून एक दिवस मी नांदेडला बसते. तिथंच एक माणूस आला. बिलोलीकडच्या खेड्यातला, वेल्डिंगचं दुकान असलेला, बडबड्या. सोयाबीन मळायच्या मोठ्या यंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात; ट्रॅक्टरला जोडून चालतो, एका तोंडानं कापलेलं सोयाबीन गिळतो, दुसरीकडून भुसा उडवतो. याचे दोन हडंबे हंगामात गावोगाव भाड्यानं फिरायचे. "मॅडम, म्या बनवलेलं हे भाईर देशात बी न्हाई," असं म्हणून त्यानं टेबलावर जड लोखंडी पत्रा आपटला. माझा चहा सांडला. बाहेर देशात आहे की नाही ते मी बघीन, असं मी जरा तोडूनच म्हटलं.

मग एवढं मोठं तोंड असलेला तो माणूस पंख्याकडे बघत एकच वाक्य बोलला. आदल्या हंगामात त्याच्या हडंब्यात एका मजूर बाईचा उजवा हात गेला होता. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

त्याची युक्ती साधी होती. सोयाबीन टाकणाऱ्यानं मनगटाला चुंबक शिवलेला पट्टा बांधायचा. हात तोंडाच्या आत ठरावीक अंतरापलीकडे गेला की आतल्या मळणीच्या ड्रमच्या पुढं लोखंडी झडप पडायची, आणि झडपेच्याच ओढीनं ड्रम ट्रॅक्टरच्या बेल्टवरून सुटा व्हायचा. मी पुष्कळ शोधलं. कारखान्यातल्या मोठ्या प्रेससाठी असलं काही काही निघालं, हडंब्यासाठी नाही. अर्ज केला. तो झडप 'पटकन' पडते म्हणाला होता. मी अर्जात 'तात्काळ' अशा अर्थाचा शब्द घातला.

तपासणी अहवाल आला तो पेरण्या उरकल्यानंतर. असा अहवाल सगळ्यांनाच येतो. तपासणारा अधिकारी शंका विचारतो, आपण उत्तरं द्यायची. मी हडंबेवाल्याला फोनवर एकेक मुद्दा मराठीत सांगत होते. चौथा मुद्दा असा होता की, माणसाचा हात आत गेल्यावर झडप तात्काळ पडते असं म्हटलं आहे, त्याचा पुरावा द्यावा.

"हात? माणसाचा?" त्यानं विचारलं.

"हो, तसंच लिहिलंय. आपण काढू काहीतरी मार्ग," मी म्हटलं आणि पाचव्या मुद्द्यावर गेले. तो नंतर फारसा बोलला नाही. बडबड्या माणूस गप्प झाला म्हणून मला उलट बरंच वाटलं.

सोयाबीनच्या काढणीत, माझ्या नांदेडच्या दिवशी, सकाळी ऑफिसचं कुलूप काढतानाच त्याचा आवाजी निरोप आला. मागं हडंब्याची घरघर होती. "मॅडम, सरकारला हात पायजे न्हवं? आज हाताचाच व्हिडिओ काढून राहिलो. संध्याकाळपस्तोर धाडतो."

मी कुलूप तसंच पुन्हा लावलं. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. हडंब्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला फोन ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी गाडी सुरू करेपर्यंत मी करत राहिले. नको, हात घालू नका, मी येतेय, असे निरोप टाकले. एकही वाचला गेला नाही.

बिलोलीच्या वाटेवर नायगावपर्यंतचा रस्ता मी कसा कापला ते मला सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंच्या शेतांत हडंबे लागले होते, पिवळट धूळ रस्त्यावर येत होती. एरवी मला हा हंगाम आवडतो. त्या दिवशी प्रत्येक हडंब्याजवळ वाकलेली बाई दिसली की मी गाडीचा वेग आणखी वाढवत होते. माझं डोकं आपोआप धंद्याला लागलं होतं. चुंबक कमजोर पडला तर? तार तुटली तर? बॅटरी उतरली तर? स्प्रिंग गंजली तर? अर्ज मी लिहिला होता, त्यामुळे त्या यंत्रात बिघडण्यासारखं काय काय आहे हे जगात त्याच्या खालोखाल मलाच माहीत होतं. आणि 'तात्काळ' हा शब्द माझा होता. कागदावर तो मला फार भक्कम वाटला होता. आता स्टिअरिंग धरलेल्या माझ्याच हाताकडे बघून मी विचार करत होते की तात्काळ म्हणजे किती? बोटं जायला किती वेळ लागतो?

गावाच्या फाट्यावर पानटपरीपाशी गाडी थांबवून विचारलं, हडंबा कुठं लागलाय?

"कोन्ता? तीन लागलेत."

"झडप बसवलेला."

"वड्याच्या अंगाला जावा. आज शूटिंग हाय म्हनं त्याची," टपरीवाला हसत म्हणाला.

गाडी बांधाला लावून मी ढेकळांतून पळत सुटले. ओढणी कमरेला घट्ट गुंडाळली. एवढी अक्कल तेव्हाही शाबूत होती. हडंबा धडधडत होता. तो पलीकडे उभा होता. मी आधी त्याचे हात मोजले. दोन्ही होते, धड होते. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

त्यानं मला पाहिलं, ट्रॅक्टरवरच्या माणसाला हात करून इंजिन बंद करायला लावलं आणि नाचतच पुढं आला. "झालं मॅडम! तीन बार घातला, तीन बार झडप पडली. पटकन!"

"वेड लागलंय का तुम्हाला? हात गेला असता म्हणजे?"

"माझा न्हाई वो. हिनं घातला."

हडंब्याच्या तोंडाशी एक बाई उभी होती. डोक्याला फडकं, अंगावर पुरुषी शर्ट, सगळ्या अंगाला भुसा. चुंबकाचा पट्टा तिच्या उजव्या मनगटाला होता. त्या मनगटाच्या पुढं अंगठा होता आणि करंगळी होती.

त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. व्हिडिओत ती उभी होती. तिनं एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तो हात कोपरापर्यंत आत सारला. खाडकन झडप पडली, ड्रमचा आवाज उतरला, कुणीतरी शिट्टी मारली. तिनं हात बाहेर काढून दाखवला. डोळेसुद्धा मिटले नव्हते तिनं. मीच मिटले.

"बाई, तुम्हाला कुणी सांगितलं हे करायला?" मी तिला विचारलं.

"कोन सांगतंय? मालक सोताचा घालणार व्हते. म्या म्हनलं, तुमचा कामून? माझा तर गेलेलाच हाय. ह्याचं काय ऱ्हायलंय आता." मग माझ्या जवळ येऊन तिनं आवाज जरा खाली आणला. "माझी पोरगी टाकती आता सोयाबीन हडंब्यात. ह्या वर्षापासनं. सरकारनं पेटंट दिलं की समद्या हडंब्यांना झडप बसवतेत म्हनं, खरं हाय का?"

खरं नव्हतं. पेटंट म्हणजे दुसऱ्यांना ती वस्तू बनवू न देण्याचा हक्क, हे वाक्य मी आयुष्यात कितीतरी लोकांना समजावून दिलंय. तिला ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. "बघू," असं काहीतरी पुटपुटले आणि सगळा राग त्याच्यावर काढला. हात म्हणजे हातच घालायचा असतो का? हाताएवढी कुठलीही वस्तू चालली असती! बाहुली चालली असती, लाकूड चाललं असतं, दुधी भोपळा चालला असता! तो अधिकारी काय माणसाची बोटं मागत बसलाय का?

त्याचं तोंड उतरलं. चारचौघांत बोलले म्हणून त्याला लागलंही असावं. तो बांधावरच्या वेलाकडे गेला आणि खरोखरच एक लांबोडा दुधी तोडून घेऊन आला. बाईच्या मनगटावरचा पट्टा सोडवून त्यानं दुध्याला बांधला. "घ्या," तो म्हणाला, "ह्याचा बी घ्या व्हिडिओ. तुमीच काढा."

मी मोबाइल धरला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटत होतं. कामाला आता कुठं शिस्त लागली असं वाटत होतं. ट्रॅक्टर सुरू झाला, ड्रमनं वेग घेतला. त्यानं दाताळ्याच्या दांड्यानं दुधी आत ढकलला.

झडप पडली नाही.

दुधी आत गेला. खण्ण करून चुंबक कशावर तरी आपटला, आणि पलीकडच्या बाजूनं भुशाबरोबर पांढरा ओला चुरा उडून सोयाबीनच्या ढिगावर पडला. हडंबा काही झालंच नाही अशा आवाजात चालू राहिला. इंजिन बंद करायचं कुणाला सुचेना. शेवटी त्याच्या हातवाऱ्यानं ते बंद झालं तेव्हा ओढ्यापलीकडचा दुसरा हडंबा ऐकू यायला लागला.

तो गुडघ्यावर बसला. झडप जिच्यातून खाली सरकते ती खाच त्यानं नखानं कोरली आणि नख वर धरलं. त्याच्यावर ओलसर भुसा होता. सकाळपासून थोडा थोडा साठत गेलेला. तिच्या तिन्ही वेळेला तो तिथं होताच, फक्त पुरेसा नव्हता.

बाई वाकून बघत होती. "येवढासाच?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. मी मोबाइल अजून तसाच धरून उभी होते, व्हिडिओ चालूच होता.

आणि तेव्हा ती बाई भ्याली. सकाळपासून एकदाही न भ्यालेली. ती मटकन खाली बसली, उजवा हात शर्टात कोंबला आणि काखेखाली दाबून धरला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं डाव्या हातानं घेतला. निम्मं पाणी अंगावर सांडलं. गावाकडून तिच्याच तोंडवळ्याची एक मुलगी डबा घेऊन येत होती, तिला तिनं लांबूनच ओरडून माघारी फिरवलं. मी तिच्याजवळ बसले, खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, खाचेला झाकण लावतो मॅडम, उद्याच लावतो. मी हो म्हटलं.

मी निघाले तेव्हा ती उठून उभी राहिली आणि नमस्कार केला. तोही एकाच हातानं. दुसरा तिनं शर्टातून बाहेर काढलाच नाही.