दहा विहिरी

मेश्रामताई सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी दहा विहिरी काढायच्या. कामाच्या नव्हेत. कोऱ्या पडद्यावर, एकाखाली एक, माऊस हाताने फिरवून काढलेली दहा वर्तुळं. दहाच्या दहा गोल आली की पुसून टाकायच्या आणि कामाला लागायच्या. एखादी जरी चेपली, तरी माऊस उलटा करून त्यावर फुंकर मारायच्या, मग खालच्या पॅडवर नख घासून बघायच्या आणि मला हाक मारायच्या. "जागा पक्की पाहिजे गा नीलेश. जागा पक्की असली का हात आपोआप चालते."

नागपुरातल्या एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही बारा जण गावांचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचो. जुन्या नकाशाचा फोटो पडद्यावर आणायचा आणि त्यातलं प्रत्येक शेत, नाला, विहीर माऊसने गिरवायची; नकाशावर विहीर म्हणजे छोटंसं वर्तुळ. सगळे एका एजन्सीच्या कंत्राटावर, दर मार्चला नवा करार. ताई गिरवायच्या, मी तपासायचो. त्या पन्नाशीच्या, मी तेव्हा जेमतेम तिशीचा. त्याआधी वीस वर्षं त्यांनी एका मोजणीवाल्याकडे शाईने नकाशे उतरवले होते. तोच हात त्यांनी माऊसमध्ये आणला होता. त्यांचा नकाशा टेबलावर आला की मी खुशाल चहाला जायचो, कारण त्यात चूक सापडायचीच नाही.

एकदा मी चेष्टेने म्हटलं, "ताई, एवढं काय? केसभर इकडेतिकडे झालं तर कोणाला कळणार आहे?"

"तुले नाही कळणार," त्या म्हणाल्या. "नरखेडकडे माह्यं माहेर आहे. धुऱ्यावरून सख्खे भाऊ बोलत नाही तिथे. इथं रेघ सरकली तं तिथं काठ्या निघते, बाप्पा!" धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. त्यानंतर मी चेष्टा केली नाही.

पण पॅडवरून मात्र सगळं ऑफिस त्यांची टर उडवायचं. एजन्सीने दिलेली कापडी पॅडं आमच्याकडे एक उन्हाळा टिकत नसत. मे महिन्यात कूलर समोरून ओली हवा फेकणार, वरून मनगटाचा घाम. कापड सुटून वर यायचं. "हे पॅड आहे का फुगलेला पापड?" असं म्हणून ताईंनी ते कचऱ्यात टाकलं आणि स्वतःच शोध सुरू केला. नुसत्या टेबलावर सनमायकाची चमक, त्यामुळे पडद्यावरचा बाण उड्या मारायचा. काचेवर तो हलेचना. रेक्झिनला मनगट चिकटायचं. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची पाठ आठ दिवस झकास चालली, मग घामाने तिचा लगदा झाला. प्रत्येक गोष्टीला पंधरा दिवस द्यायच्या, रोज दहा विहिरी काढायच्या आणि मग निकाल. शेजारचे म्हणायचे, बाई बह्याड झाली, डोकं फिरलं तिचं. ताई ऐकून घ्यायच्या आणि हसायच्या.

शेवटी त्यांनी मुलीचं परीक्षेचं पॅड आणलं. तेच ते, शाळेत पेपर लिहायला नेतात ते तपकिरी हार्डबोर्डचं. क्लिप काढली, कडा पॉलिशपेपरने घासल्या. ना चमक, ना घाम पिणं, ना फुगणं. "प्रज्ञा याच्यावर दहावी पास झाली, बारावी पास झाली. आता मले पास करन," त्या म्हणाल्या. नवरा कधीच गेलेला. प्रज्ञा अमरावतीला वसतिगृहात राहून शिकत होती आणि तिचं सगळं ताईंच्या पगारावर होतं. ते पॅड पाच वर्षं चाललं. पाच वर्षांत एक ओरखडा नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर विहिरी चेपायला लागल्या. आधी दहातली एक, मग तीन. ताईंनी माऊस बदलून पाहिला, वायर बदलली, पॅड ओल्या फडक्याने पुसलं. मी त्यांच्या मागे उभा राहून बघत होतो. मांडीवर ठेवलेला त्यांचा हात अगदी स्थिर असायचा. पण बाण नेमक्या ठिकाणी न्यायला गेल्या की शेवटच्या क्षणी पंजा थरथरायचा. मी हे पाहिलं. एकदा नव्हे, पंधरा-वीस दिवस रोज पाहिलं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कोणी नसताना, त्यांनी मला विचारलं, "खरं सांग गा नीलेश. पॅड गेलं का माहा हात हलून राह्यला? हात असन तं मेडिकलच्या दवाखान्यात दाखवावं म्हणते."

मार्च तीन महिन्यांवर होता. आदल्या वर्षी आमच्यातल्या एकाची पाठ धरली, त्याने महिनाभर रजा मागितली आणि एजन्सीने त्याला एका फोनवर घरी बसवलं. माझ्या डोळ्यांसमोर प्रज्ञाची फी आली. मला वाटलं, मार्च निघू दे, करार होऊ दे, मग बघू. मी ते पॅड हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात तिरपं धरून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "झिजलं ताई. मधोमध बघा, गुळगुळीत झालंय."

केवढा सुटकेचा श्वास टाकला त्यांनी! "मलेही तेच वाटे," म्हणाल्या. "कुठवर टिकन बिचारं?" पाच वर्षांचं पॅड पिशवीत घालून त्या घरी घेऊन गेल्या.

मग आमची वणवण सुरू झाली. शनिवारी दोघं सीताबर्डीत दुकानं पालथी घालायचो. जाडं पॅड, पातळ पॅड, मनगटाखाली उशी असलेलं पॅड. त्या एकेकावर नख घासायच्या आणि मी शेजारी मान डोलवत उभा. इकडे त्यांचे नकाशे माझ्याकडे आले की दार लोटून मी त्यांच्या वाकड्या रेघा सरळ करायचो आणि तपासून बरोबर असा शेरा मारायचो. मार्च आला, करार झाला. ताईंनी पेढे वाटले.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं ना? नाही सांगितलं. आता सांगायचं म्हणजे आधी खोटं बोललो हे सांगावं लागणार, नकाशे मी दुरुस्त केले हेही सांगावं लागणार. मग नोकरी माझीही जाणार. त्यांच्यासाठी म्हणून सुरू केलेलं खोटं मी माझ्यासाठी चालू ठेवलं. भित्रा मी, दुसरं काय!

पुढच्या दिवाळीला ताई ऑफिसच्या पायऱ्यांवर पडल्या. उलट्या थांबेनात. दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला, त्यात गाठ निघाली. प्रज्ञा आणि मी डॉक्टरांपुढे बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, "हात थरथरायला लागला तेव्हाच आणायला हवं होतं. तेव्हा ही लहान असणार, काढता आली असती." प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. "काका, आई तर म्हणायची पॅड खराब आहे." मी डॉक्टरांना ऑपरेशन कधी करायचं ते विचारलं.

ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. शेवटी शेवटी ताई जड जिभेने बोलायच्या. एका दुपारी मी उशाशी बसलो असताना माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच मी गेलो होतो. तोंड उघडलं, तर त्यांनी तोच थरथरता हात माझ्या हातावर ठेवला. "काहून रडतं गा? तुह्यं काय चुकलं? तुले काय माहीत होतं?"

मला माहीत होतं. एवढंच वाक्य बोलायचं होतं, ते माझ्या तोंडून निघालं नाही. दहा दिवसांनी ताई गेल्या.

महिन्याभराने प्रज्ञा ऑफिसात आली, आईचे कागद न्यायला. शिक्षण अर्धवट सोडून ती कुठेशी नोकरीला लागली होती. तिने पिशवीतून ते तपकिरी पॅड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "आईने सांगितलं होतं, हे नीलेशला दे. झिजलं असलं तरी तो टाकणार नाही म्हणाली."

मी ते टाकलं नाही. माझा माऊस आता त्याच्यावरच चालतो. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की आधी कोऱ्या पडद्यावर मी दहा विहिरी काढतो. माझा हात काही ताईंसारखा नाही, मी कधी शाईची रेघ ओढलेली नाही. तरी रोज दहाच्या दहा विहिरी गोल येतात.