नेच्यावरच्या अळ्या

आमच्या शिरूरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या खिडकीखाली, रंगाच्या रिकाम्या बादलीत एक नेचा आहे. आईने तो मांडवगणच्या आमच्या विहिरीतून आणलाय. गेल्या उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा दगडांच्या सांध्यांत माजलेल्या नेच्यांनी बांधकाम सुटेल म्हणून मी तणनाशक मारायला उतरलो होतो. तिने मला थांबवून एक गड्डा काढून घेतला. बाकीचे मी तणनाशकाने जाळून टाकले.

यंदा पावसाळ्यात त्या नेच्यावर हिरव्या अळ्या आल्या. आई सकाळी चहाचा कप घेऊन समोर स्टुलावर बसायची आणि मी कंपनीत निघालो की बातमी द्यायची, "आज आठ हायत. एक लई फुगलीय." मी दिवसभर रांजणगावला माणसांत असतो. तिला बोलायला त्या अळ्याच होत्या. हे आज कळतं, तेव्हा नुसतं हसू यायचं.

ती दोन दिवस मावशीकडे दौंडला गेली. मी आंघोळीला गेलो तर निम्मा नेचा फस्त. उसावर मारून उरलेलं औषध गाडीच्या डिकीत होतंच. अळी दिसली की फवारायचं, त्यात विचार कसला करायचा! पाच मिनिटांत उरकलं. आई खूश होईल असंसुद्धा वाटलं मला गाढवाला.

आई आली ती पिशवी हातात घेऊनच आत गेली. मी बाहेरून म्हणालो, "पतंग होऊन उडून गेल्या गं."

"व्हय? आन् जाताना औषधाचा वास ठिवून गेल्या?"

जन्मभर शेतात राबलेल्या बाईला मी ही थाप मारली होती. फार लाज वाटली.

ती रागावली नाही. मगाने पाणी घालत एकेक पान धुतलं. म्हणाली, "त्या दुसऱ्या पाल्याला तोंड लावत न्हाईत. हिरीत नेचा परत फुटला असंल, बघ जाऊन. एखादी अळी घावली तर घिऊन ये."

रविवारी गेलो. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत पोहोचलो, चारही बाजू पाहिल्या. दगड स्वच्छ, बांधकाम पक्कं. हिरवं पान एक नाही.

"मिळाली का?" तिने दारातच विचारलं.

"पाणी लई वर आलंय. उतरताच आलं नाही."

या वेळी तिने विश्वास ठेवला. तेव्हापासून मी गावाकडून आलो की ती आधी हेच विचारते, "उतरलं का रं पाणी?"